सर्पदंश प्रथमोपचार प्रशिक्षण

दवाखान्यापासून लांब राहणाऱ्या शेतकरी, शेतमजूर व आदिवासी कुटुंबांना साप चावल्यावर लगेच काय करावे आणि काय टाळावे, हे विनामूल्य शिकवण्याचा उपक्रम. महाराष्ट्रात स्वयंसेवी संस्था, सर्पमित्र, अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते आणि आरोग्य कर्मचारी तो गावोगावी, आश्रमशाळांतून राबवतात. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली असा अंदाज आहे. त्यातली बहुतेक खेड्यांतली होती.

शिकवण्यापेक्षा जुन्या सवयी सोडवण्यातच इथे अधिक श्रम पडतात. जखम चिरणे, रक्त चोखणे, दोरी आवळणे यांनी विष थांबत नाही. आवळलेल्या दोरीने रक्तपुरवठा तुटून हात-पाय गमावण्याची वेळ येते. आधीच बांधलेली दोरी मात्र वाटेत सोडू नये, डॉक्टरांसमोर सोडावी. रुग्णाला धीर द्यावा. अंगठी, बांगड्या, जोडवी काढावीत. चावलेला अवयव मोडलेल्या हाडासारखा फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा. रुग्णाला चालवू नये. गाडी नसेल तर दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून न्यावे. साप मारून आणण्याची गरज नाही: नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालते आणि ते सरकारी रुग्णालयांत मोफत मिळते.

मण्यारीबद्दल वेगळे सांगावे लागते. ती बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. वेदना, सूज जवळजवळ नसते. मग पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, शेवटी श्वास अडतो. ‘काही झालेलं नाही’ म्हणून घरी थांबणे इथे जिवावर बेतते.

सर्पदंश झालेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तरी मंत्राने विष उतरवणाऱ्या गावच्या मांत्रिकाला, म्हणजे भगताला, प्रशिक्षणात बोलावणे अधिक गुणकारी ठरावे, कारण ‘आधी दवाखान्यात न्या’ हे त्याने सांगितले तर घरचे ऐकतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. भारताचा राष्ट्रीय कृती आराखडा २०२४मध्ये आला. पावसाळ्याआधी गावात घेतलेले वर्ग पुरेसे नाहीत. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास परमुलखात जातात आणि उसाच्या फडाजवळच्या कोप्यांत (तात्पुरत्या झोपड्यांत) जमिनीवर झोपतात. जवळचा दवाखाना कुठे आहे, हेही त्यांना ठाऊक नसते. त्यांच्यासाठी हंगामाच्या आरंभी कारखान्याच्या तळावरच वर्ग व्हायला हवेत.