डोंगऱ्यादेव

डोंगऱ्यादेव (डोंगरदेव) : पश्चिम खानदेशातील कोकणा, भिल्ल, मावची या आदिवासी समाजांचे मार्गशीर्ष महिन्यातील सामूहिक व्रत. साक्री (जि. धुळे) आणि नवापूर (जि. नंदुरबार) हे तालुके त्याचा खानदेशातला मुख्य पट्टा. शेजारच्या बागलाण-कळवणात आणि गुजरातच्या डांगातही ते पाळले जाते. भात-नागली घरात आलेली असते आणि ज्या डोंगराने वर्षभर पाणी, चारा, सरपण, कंदमुळे पुरवली, त्याचे देणे फेडायची ही वेळ मानतात.

याला ‘निसर्गपूजा’ म्हणून मोकळे होण्याची अभ्यासकांची सवय अपुरी आहे. डोंगर इथे कुटुंबातलाच वडीलधारा आहे. तो देतो, रागावतो, आणि त्याच्याकडे नवस बोलून तो फेडायला विसरले तर आठवणही करून देतो. ‘मी कोण’ याचे उत्तर इथे एकांतात डोळे मिटून शोधत नाहीत. कोणत्या डोंगराचे, कोणत्या पाण्याचे आपण देणे लागतो, यावरून ते ठरते.

व्रताला बसणाऱ्यांना माऊल्या म्हणतात. डोंगरालाही माऊलीच म्हणतात. या काळात माऊल्यांनी अनवाणी राहायचे, बाजेवर झोपायचे नाही, एकवेळ जेवायचे, ब्रह्मचर्य पाळायचे. गावात खळी (पूजेची मोकळी जागा) आखून मधोमध थोंब (देवाचा खांब) रोवतात, त्याला झेंडूची फुले आणि नवे धान्य वाहतात. थोंबाभोवती रात्ररात्र फेर चालतो. भगत (आदिवासींचा पुजारी) देवांची नावे घेत जातो. त्यांत धान्याची देवी कणसरी असते, गावदेव असतो आणि आसपासच्या गडांची, म्हणजे देवाच्या डोंगरांची, यादीच असते. साथीला पावरी. वाळलेला भोपळा आणि बांबूच्या नळ्या यांपासून केलेले हे वाद्य वाजवणारा नाकाने श्वास घेत गालांतली हवा फुंकत राहतो, त्यामुळे सूर मध्येच तुटत नाही. माऊल्या गावोगाव फिरतात, अंगणात नाचतात. घरधनीण सुपातून धान्य घालते. पौर्णिमेच्या रात्री सगळे गडावर जातात. तिथे कपारीपाशी रानखळी (रानातली खळी) बसते आणि पहाटेपर्यंत जागर चालतो.

याच भागात काही नेम वर्षभर चालतात. पावसाळ्यातली कोवळी रानभाजी देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालत नाहीत. वाघबारशीला (दिवाळीच्या तोंडावरच्या द्वादशीला) वाघदेवाची पूजा होते. त्याच्या खांबावर वाघासोबत चंद्र, सूर्य, नागही कोरलेले दिसतात. कोवळ्या भाजीच्या नेमामुळे कोंबांना मूळ धरायला वेळ मिळत असणार. मात्र पाळणारे तसा हिशेब मांडत नाहीत. आधी त्याचा वाटा, मग आपला, एवढेच सांगतात.

श्रद्धा असली की जंगल आपोआप राखले जाते, असे मात्र नाही. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याभोवतीचे डोंगर 1990 च्या सुमारास उघडेबोडके झाले होते, आणि डोंगऱ्यादेव तेव्हाही होताच. गावाने वनसंरक्षण समिती नेमली, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली, मोडणाऱ्याला दंड ठेवला. त्यानंतर सुमारे 445 हेक्टर जंगल पुन्हा उभे राहिले आणि आटलेल्या विहिरींना पाणी आले. या कामात पुढे असलेल्या चैत्राम पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. गावात दरवर्षी वनभाजी महोत्सव भरतो. बाया रानभाज्या रांधून मांडतात आणि कोणती कुठे उगवते, कोणती उकळून पाणी टाकल्याशिवाय खायची नाही, ते परीक्षकांना तोंडपाठ सांगतात.

व्रतापुढची आजची अडचण वेगळीच आहे. मार्गशीर्ष नेमका ऊसतोडीच्या हंगामात येतो आणि साक्री-नवापूरकडची कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे निघून जातात. माऊली म्हणून बसायचे तर तेवढ्या दिवसांची मजुरी बुडते, आणि मुकादमाची उचल (मजुरीपोटी आगाऊ रक्कम) तर आधीच घेतलेली असते.