बेभरवशाच्या मित्रराष्ट्राचे काय करावे? ‘रोम २’ खेळणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

लातूरच्या आमच्या गेमिंग केंद्रात क्लास सुटल्यावर ‘टोटल वॉर: रोम २’ हा प्राचीन राष्ट्रांच्या युद्ध-राजनीतीचा संगणकीय खेळ खेळायला येणाऱ्यांकडून एकच प्रश्न वारंवार येतो: मित्रराष्ट्राच्या नावापुढे भरवसा कमी असल्याचा शेरा दिसतो आहे, तर त्याला ठेवावे की मोडावे?

शेरा दिसताच करार रद्द करून त्याच टर्नमध्ये (खेळीच्या फेरीत) त्याच्या शहरावर चाल करणे, ही चूक सर्वांत महागात पडते. विश्वासार्हता प्रत्येक राष्ट्राची मोजली जाते, तशी तुमचीही. रोम घेऊन खेळणाऱ्याने सिराक्यूज या राष्ट्राशी युती करून असा दगा दिला, की ज्या मसिलिया या तिसऱ्या राष्ट्राशी त्याचे काहीच वैर नव्हते तेही व्यापारी करार नाकारू लागते, तिजोरी आटते, आणि मग काउंटरवर येऊन जुना सेव्ह (खेळाची आधी साठवलेली स्थिती) मागितला जातो. तो बहुधा नसतो, कारण क्विक सेव्हवर नवा क्विक सेव्ह बसलेला असतो. म्हणूनच आम्ही प्रत्येक बैठकीला वेगळ्या नावाने सेव्ह करण्याचा आग्रह धरतो. काहींना हा जाच वाटतो. परंतु वाया गेलेला वेळ आम्ही भरून द्यायचा म्हटला, तर मशीनसाठी ताटकळणाऱ्या ग्राहकाचा वेळ कापावा लागेल.

आमच्या मते असा मित्र तोडू नये, सैल बांधावा. लष्करी युतीत तो स्वतःच्या हौसेच्या लढाईतही तुम्हाला ओढतो आणि नकार दिल्यास युती मोडल्याचा ठपका तुमच्यावरच येतो. संरक्षण युतीत त्याच्यावर हल्ला झाला तरच हाक येते. संशयास्पद शेजाऱ्याशी तर अनाक्रमण करार आणि व्यापार एवढ्यावरच थांबावे व सीमेवरच्या शहरात पुरेशी शिबंदी ठेवावी. लढायचेच असेल, तर करार आधी रद्द करावा, काही टर्न जाऊ द्यावेत, तोवर फौज उभी करावी आणि मगच युद्ध पुकारावे. इतिहासातही उत्तर आफ्रिकेतील न्युमिडियाचा मसिनिसा स्पेनमध्ये रोमचा शत्रू असलेल्या कार्थेजच्या बाजूने रोमनांशी लढला होता, तरीही इ.स.पू. २०२ मध्ये कार्थेजविरुद्धच्या झामाच्या लढाईत त्याचेच घोडदळ रोमच्या कामी आले. त्याचा पूर्वेतिहास पाहून रोमन सेनापती स्किपिओने त्याला दूर लोटले असते, तर एवढे घोडेस्वार त्याने आणले कुठून असते?

मोहीम अडली असल्यास रविवारी सकाळी यावे. तेव्हा गर्दी कमी असते आणि मासिक पासधारकांचे सगळे करार आम्ही शेजारी बसून विनाशुल्क तपासून देतो. त्यांचे सेव्ह वेगळ्या ड्राइव्हवरही ठेवले जातात; सुट्या तासांवर खेळणाऱ्यांना ही सोय नाही.