बाळं वाचली, हे कळलं कसं?

एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी ओवलेले मणी. बाळाच्या पोटाकडे नजर ठेवायची, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची पाळी आली, म्हणजे श्वास फार जलद असला, तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने हे साधन बनवलं. गावातल्या दायांचा हात बाळंतपणात तयार असला, तरी अनेकींना साठपर्यंत आकडे येत नव्हते.

औषधोपचार डॉक्टरच्या हातातून गावातल्या बाईच्या हातात देता येतो, हा त्यामागचा विचार. १९९३ पासून त्याची आणखी मोठी परीक्षा सुरू झाली, ती जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांची. ३९ गावांत थोडंफार शिकलेल्या बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केलं. त्या घरोघर जाऊन बाळाचं वजन करत, ताप बघत, बाळ उबेत ठेवायला शिकवत. जंतुदोषाची लक्षणं दिसली की घरच्यांच्या संमतीने जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शनही देत. दहा दिवसांच्या बाळाला अशी बाई सुई टोचते, हे तेव्हा कितीतरी डॉक्टरांच्या पचनी पडलं नसणार.

शेजारच्या ४७ गावांत मात्र नेहमीची सरकारी सेवाच होती. तिथे संस्थेने फक्त जन्म-मृत्यू मोजले. सुरुवातीला दर हजार जिवंत जन्मांमागे ३९ गावांत ६२ नवजात दगावत होते, ४७ गावांत ५८. १९९७-९८ मध्ये पहिल्या गटात हा आकडा २५.५ वर आला, दुसऱ्यात ५९.६ म्हणजे जवळपास होता तिथेच. ही ४७ गावं नसती, तर रस्ते सुधारले, पीक चांगलं आलं, म्हणून बाळं वाचली असं कुणीही म्हणू शकलं असतं. रस्ता काय, पीक काय, दोन्हीकडे सारखंच. एक उणीव सांगायलाच हवी: कुठलं गाव कुठल्या गटात, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं नव्हतं. तरीही फरक एवढा मोठा, की तो झटकून टाकणं अवघड. खर्च बाळामागे सुमारे ५.३ डॉलर.

मोजणीतही एक मेख असते. जन्मल्यावर तासाभरात गेलेलं बाळ गुपचूप पुरलं जातं, किंवा ‘मेलेलंच जन्मलं’ म्हणून नोंदतात. मग तालुक्याचा आकडा छान दिसतो. एखादी आरोग्य कर्मचारी घरोघर फिरू लागली की हे दडलेले मृत्यू वर येतात आणि कागदावर तिच्याच भागात बालमृत्यू वाढल्यासारखे दिसतात. बैठकीत बोलणी कुणाला बसतात, हे सांगायला नको. म्हणून दोन्हीकडची मोजणी एकाच काटेकोरपणे व्हायला हवी.

२०११ साली ‘आशा’ सेविकांमार्फत घरच्या घरी नवजात काळजीचा कार्यक्रम देशभर आला. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा गृहभेटी. घरी झालं तर पहिल्या दिवशीची एक जास्त. इंजेक्शन आशांच्या कामातून गळलं. गडचिरोलीत वाचलेल्या बाळांमागे ते इंजेक्शनही होतं, त्यामुळे फक्त गृहभेटींतून तिथल्यासारखी घट होईल असं धरणं चुकीचं.

आणि मोबदला? आशाला पगार नाही, बरेचसे पैसे कामागणिक. या सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये ठरले, तेही अटींवर: जन्मवजन कार्डावर हवं, लशी झालेल्या हव्यात, जन्माची नोंद हवी, आणि ४२ व्या दिवसापर्यंत आई व बाळ दोघं सुखरूप हवीत. शेवटची अट वाचायला रास्त वाटते. पण बाळ जगणं हे वजन, महिने भरण्याआधीचा जन्म, रस्ता, रुग्णवाहिका या सगळ्यांवर ठरतं, आणि त्यातलं बरंचसं तिच्या हातात नसतं. शिवाय सगळ्यात जास्त लक्ष ज्या बाळाकडे द्यायचं, त्याच्याच घरच्या भेटींचे पैसे बुडायची भीती सर्वात जास्त. दीड किलोच्या बाळाच्या घरी तिने पाच चकरा मारल्या आणि तिसाव्या दिवशी ते गेलं, तर ही अट अपुरी राहिली, आणि त्या पाच चकरा फुकट.