मचायस सील बेट : दिव्याची वहिवाट

अमेरिकेच्या मेन राज्यापासून जेमतेम १६ किलोमीटरवर, जेमतेम वीस एकरांचा झाडं नसलेला खडक. उन्हाळ्यात त्यावर पफिन नावाचे हजारो समुद्रपक्षी अंडी घालतात. पर्यटकांना लाकडी खोपटात बसवतात, तेव्हा पक्षी छपरावर उतरून टपटप चालतात आणि नारिंगी पाय फळीच्या टोकाशी दिसतात. पण बेट कुणाचं, हे अमेरिका आणि कॅनडा यांच्यात अजून ठरलेलं नाही.

मूळ दुखणं १७८३ च्या पॅरिस तहाचं. किनाऱ्यापासून वीस लीगांच्या (सुमारे ११० किलोमीटर) आतली बेटं अमेरिकेची, मात्र जी आधीपासून नोव्हा स्कॉशिया या ब्रिटिश वसाहतीच्या (आता कॅनडात) हद्दीत आहेत ती वगळून. बेट नोव्हा स्कॉशियाचंच, हे दाखवायला ब्रिटिशांनी त्या वसाहतीची १६२१ ची राजसनद पुढे केली, अमेरिकेने किनाऱ्यापासूनचं अंतर. पुढे १८१७ मध्ये आयोगाने आसपासची बेटं वाटली. हा खडक त्यात आलाच नाही.

१८३२ मध्ये न्यू ब्रन्सविक या शेजारच्या ब्रिटिश वसाहतीने (आता कॅनडाचा प्रांत) इथे दीपगृह उभारलं. दिवा जहाजांसाठीच होता, पण पुढे तोच दाव्याचा आधार बनला. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव नसलं तरी वहिवाट दाखवतात, तसंच हे. कॅनडाची बहुतेक दीपगृहं आता आपोआप चालतात; इथे मात्र पाळीपाळीने रखवालदार हेलिकॉप्टरने येतात. दिव्याला त्यांची गरज नाही, दाव्याला आहे. १९४४ मध्ये कॅनडाने बेटाला पक्षी अभयारण्य केलं, तेही याच वहिवाटीत भर घालणारं.

१९८४ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मेनच्या आखातातली सागरी सीमा आखली. गंमत अशी की रेषा कुठून सुरू करायची तो बिंदू दोन्ही देशांनी आधीच ठरवून दिला होता, आणि तो असा निवडला होता की बेटाचा प्रश्न न्यायालयापुढे येऊच नये.

खडकाला स्वतःला फारशी किंमत नव्हती. महाग झाला तो भोवतालचा लॉबस्टर (मोठी शेवंड). बेटाभोवतालच्या, दोन्ही देश आपलं म्हणतात त्या पाण्याला 'ग्रे झोन' म्हणतात. मेनचे मच्छीमार तिथे उन्हाळाभर सापळे टाकत. कॅनडाच्या मच्छीमारांचा हंगाम तेव्हा बंद असे. २००२ मध्ये कॅनडाने आपल्या लोकांना उन्हाळ्यातही परवानगी दिली आणि दोरखंडांत दोरखंड अडकू लागले. मेनचा मच्छीमार अंडीवाली मादी सापडली की शेपटीला खाच पाडून तिला परत सोडतो, आणि पाच इंचांहून मोठ्या कवचाचा लॉबस्टरही ठेवू शकत नाही. त्यानं पाण्यात टाकलेला तो मोठा नग शेजारच्या कॅनडाच्या होडीनं उचलला, तर दाद कुठल्या देशात मागायची?