इंटिरिअर डिझाइनमध्ये मास्टर्स करायचंय? फॉर्मपासून थिसिसच्या बाइंडिंगपर्यंत

हे पत्रक बिलाबरोबर द्यायला छापलंय, कारण ऑक्टोबर उजाडला की काउंटरवर तेच तेच प्रश्न येतात आणि प्लॉटर चालू असताना कुणालाच धड उत्तर देता येत नाही. आम्ही कॉलेज नाही की एजंट नाही, प्लॉटिंग, प्रिंट, बाइंडिंग आणि मॉडेलचं सामान एवढंच आमचं काम. पण कोल्हापुरात राजारामपुरीत बसून वर्षानुवर्षं पोरापोरींचे पोर्टफोलिओ, म्हणजे निवडक कामाच्या फाइली, छापल्या की कुणाची फाइल दमदार आणि कुणाची नुसती चकचकीत हे नजरेला कळायला लागतं. शिवाय ॲडमिशन झालेली मंडळी दिवाळीला गावी आली की पुढची गोष्ट सांगून जातात, ती पण यात घेतलीय.

आधी डिग्री आहे की नाही ते बघा

मास्टर्स म्हणून बाजारात बरंच काय काय विकलं जातं. यूजीसी ॲक्ट १९५६ च्या कलम २२ प्रमाणे डिग्री देण्याचा अधिकार विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला किंवा संसदेने तसा खास अधिकार दिलेल्या संस्थेलाच आहे. त्यामुळे एखाद्या इन्स्टिट्यूटच्या पत्रकावर "मास्टर डिप्लोमा" किंवा "पीजी प्रोग्रॅम" असं लिहिलेलं असेल तर सरळ विचारायचं, सर्टिफिकेटवर विद्यापीठ कुठलं? असले कोर्स वाईटच असतात असं नाही, काही ठिकाणी हात मस्त बसतो, पण पुढं शिकवायचं असेल, पीएचडी करायची असेल किंवा परदेशात कागद दाखवायचे असतील तर तिथं गाडी अडते.

दुसरी गोष्ट पालकांसाठी. इंटिरिअरमध्ये मास्टर्स केलं म्हणून आर्किटेक्ट होत नाही. आर्किटेक्ट्स ॲक्ट १९७२ प्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडं नोंदणी असलेल्यालाच ते नाव लावता येतं, आणि त्यासाठी आधी आर्किटेक्चरचीच डिग्री लागते. इंटिरिअर डिझायनरसाठी आपल्याकडं असं कायद्यातलं रजिस्ट्रेशन नाही, आयआयआयडी (इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरिअर डिझायनर्स) ही १९७२ सालचीच संस्था आहे पण ती व्यावसायिकांची संघटना, लायसन्स देणारी नव्हे. तेव्हा बोर्ड रंगवून घेताना जपून.

कुठं कुठं

अहमदाबादला एनआयडीत (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) फर्निचर आणि इंटिरिअर डिझाइनचं एम.डेस., म्हणजे मास्टर ऑफ डिझाइन, आहे, त्याला डॅट ही प्रवेश परीक्षा, आधी प्रिलिम्स मग मेन्स. तिथंच सेप्ट विद्यापीठात इंटिरिअरचं दोन वर्षांचं मास्टर्स आहे. आयआयटीचं मात्र नीट समजून घ्या, दरवर्षी कुणीतरी "सीड देऊन इंटिरिअरला जातो" म्हणत येतं. सीड ही डिझाइनच्या मास्टर्सची प्रवेश परीक्षा आयआयटी मुंबई घेते, जानेवारीत असते, फॉर्म साधारण ऑक्टोबरात सुटतात, तीन तासांचा पेपर, पार्ट ए कॉम्प्युटरवर आणि पार्ट बी मध्ये हातानं ड्रॉइंग. स्कोअर एकच वर्ष चालतो. पण आयआयटीतलं एम.डेस. म्हणजे इंडस्ट्रियल, कम्युनिकेशन, इंटरॅक्शन असल्या शाखा, खास इंटिरिअर नाही. तो स्कोअर बाकीच्या काही कॉलेजांत चालतो, तेवढ्यासाठी द्यायची असेल तर बिनधास्त द्या.

परदेशातलं थोडक्यात. ब्रिटनमध्ये एमए बहुतेक ठिकाणी एका वर्षात उरकतं. इटलीत मिलानच्या पोलितेक्निकोत इंटिरिअर आणि स्पेशिअल (spatial, म्हणजे जागेच्या) डिझाइनचं दोन वर्षांचं मास्टर्स इंग्रजीतून आहे. अमेरिकेत एमएफए, एमए, एमएस अशी वेगवेगळी नावं दिसतील, आणि ज्यांचं बॅकग्राउंड डिझाइनचं नाही त्यांना काही ठिकाणी तीन वर्षांचा ट्रॅक असतो, म्हणजे बीकॉमवाल्यानंही लगेच नाद सोडायला नको. तिथं पुढं इंटिरिअर डिझायनरची पात्रता ठरवणारी एनसीआयडीक्यू नावाची तीन भागांची परीक्षा द्यायची असेल तर शिक्षण आणि कामाचे तास दोन्ही मोजतात, हे कॉलेज निवडायच्या आधीच बघून ठेवा.

पोर्टफोलिओ, म्हणजे आमच्या जिव्हाळ्याचा विषय

सगळ्यात जास्त पैसे आणि कागद इथं वाया जातात. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत नुसते थ्रीडी रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेली खोलीची चित्रं, तोच इटालियन मार्बल, तेच फुकट डाउनलोड केलेले सोफे, खिडकीतून तोच सूर्यास्त. निवडणारी माणसं असले शेकडो बघतात. त्यांना बघायचं असतं की तुम्ही विचार कसा केला, कच्चं स्केच कुठाय, पहिला प्लॅन का टाकून दिला, मोजमाप स्वतः घेतलं का.

गेल्या सीझनला एक मुलगी गुजरीतल्या आपल्या आजोबांच्या सराफी दुकानाचं काम घेऊन आली होती. दुकान केवढं, तर आठ बाय चौदा फूट. तिनं पेन्सिलनं सेक्शन, म्हणजे दुकानाचा उभा छेद, काढलेला, गादीवर बसलेल्या आजोबांची नजर कुठं जाते, उभ्या गिऱ्हाइकाची कुठं जाते, तिजोरी उघडली की रस्त्यावरून काय दिसतं, सगळ्या रेषा दाखवलेल्या. खाली लाइटची नोंद, सोन्याच्या ट्रेवर ३००० केल्विनचा पिवळसर उजेड आणि चांदीवर ४००० च्या पुढचा पांढरा, दोन्हींचे मोबाईलवर काढलेले फोटो शेजारी शेजारी. रेंडर सगळे मिळून दोन. आमच्या मते त्या सीझनची ती सगळ्यात भारी फाइल होती, आणि तिला वाटत होतं की काम फारच कमी आहे.

तर पंधरा-वीस पानं, तीन-चार प्रोजेक्ट, बास. सगळ्यात चांगलं काम आधी. ग्रुप प्रोजेक्ट असेल तर तुमचा भाग कुठला ते लिहा, आणि ऑफिसात केलेलं काम टाकताना मालकाला विचारून टाका, नाहीतर उगाच भांडण.

छपाईचं आता. स्क्रीनवर जो गडद निळा-काळा दिसतो तो कागदावर चिखलासारखा येतो, कारण स्क्रीन आरजीबी (उजेडाचे तीन रंग) आणि प्रिंट सीएमवायके (चार रंगांची शाई), म्हणून एक पान आधी टेस्टला काढा. ड्रॉइंगवर "स्केल १:५०" लिहून मग "फिट टू पेज" मारलं की ते स्केल खोटं झालं. १:५० ला साडेचार मीटरची खोली नऊ सेंटिमीटर यायला पाहिजे, पट्टी लावून बघा. आणि ऑनलाइन फाइल जाणार असेल तर शीटवर ग्राफिक स्केल, म्हणजे ती काळी-पांढरी पट्टी, टाकाच, बघणाऱ्याच्या लॅपटॉपवर १:५० ला काही अर्थ राहत नाही.

कागदपत्रं

कंटाळवाणं आहे पण इथंच माणूस अडकतो. आपल्याकडं मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर नाव आधी, कुठं वडलांचं नाव पूर्ण तर कुठं नाहीच, आणि मग परदेशातलं कॉलेज विचारतं की ही दोन माणसं आहेत का. ट्रान्सक्रिप्टसाठी, म्हणजे सगळ्या वर्षांच्या मार्कांच्या अधिकृत उताऱ्यासाठी, विद्यापीठात अर्ज आधीच टाकून ठेवा. पासपोर्टसाठी पुण्याला पळायची गरज नाही, कोल्हापुरात पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे.

शिफारसपत्राला सर "तूच लिहून आण, मी सही करतो" म्हणणार. तसं झालं तर निदान त्यांनी तुमचं कुठलं काम पाहिलंय ते त्यांच्याच तोंडून विचारून घ्या, तिन्ही पत्रं एकाच फॉन्टमध्ये एकाच तऱ्हेची आली की लगेच कळतं. एसओपीची, म्हणजे हा कोर्स का करायचाय ते सांगणाऱ्या निवेदनाची, सुरुवात "लहानपणापासून मला घर सजवायची आवड" अशी करू नका, प्लीज.

अमेरिकेची डेडलाइन रात्री ११:५९ ची असेल तर न्यूयॉर्कच्या हिवाळ्यातल्या वेळेनं आपल्याकडं दुसऱ्या दिवशी सकाळचे १०:२९ होतात. त्या भरवशावर राहून सकाळी नऊला आमच्याकडं स्कॅनिंगला येणारे असतात, तसं करू नका, आम्ही दहाला उघडतो.

पैशाचं म्हणाल तर बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, त्यापुढं ७.५ लाखांपर्यंत काही बँका जामीनदार मागतात आणि त्याच्या वर मालमत्तेचं तारण. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून होतो. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, ती विद्यापीठाच्या जागतिक रँकिंगवर अवलंबून असते म्हणून आधी रँकिंग तपासा आणि मग फॉर्म भरा, उलटं नको.

ॲडमिशन झाल्यावर

दोन वर्षं म्हणजे चार सेमिस्टर, आणि स्टुडिओ, म्हणजे डिझाइन प्रोजेक्ट करायचा विषय, बाकी सगळ्यांना खातो. लाइटिंग, अकूस्टिक्स, मटेरियल, सर्व्हिसेस, रिसर्च मेथड्स, उन्हाळ्यात इंटर्नशिप, शेवटी थिसिस. ज्युरीत, म्हणजे परीक्षकांपुढं काम मांडताना, रडवतात असं ऐकतो. दुकानात येणाऱ्या एका पोराचं म्हणणं, ज्युरीच्या आदल्या रात्री जागण्यापेक्षा झोपून जाणारा जास्त बरा बोलतो.

खरं दुखणं थिसिसचं. तिसऱ्या सेमिस्टरनंतर नोकरी लागते, पगार सुरू होतो, गाईड फोन करून थकतात आणि डिग्री लटकते. मग तीन वर्षांनी बायको किंवा सासरे मागं लागले की माणूस पेनड्राइव्ह घेऊन आमच्याकडं. त्यामुळं विषय असा घ्या जो तुम्हाला गावी आल्यावरही मोजता येईल. कोल्हापुरात काय कमी आहे? केशवराव भोसले नाट्यगृह १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालं आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळालं, नाट्यगृहाचा आवाज, खुर्च्या, आगीच्या वेळी बाहेर पडायच्या वाटा यावर कितीतरी काम होईल. रंकाळ्याकाठचा शालिनी पॅलेस राजवाड्याचं हॉटेल झालेला, म्हणजे जुन्या वास्तूला नवं काम देणं हा विषय घराबाहेर उभाच आहे. किंवा २०१९ आणि २०२१ च्या पुरात तळमजल्यावरचं प्लायवूडचं फर्निचर फुगून गेलं, तर पूररेषेतल्या घरात खालचे चार फूट कशाचे करायचे, हा प्रश्न तर शाहूपुरीतली कुठलीही मावशी तुम्हाला समजावून सांगेल. "आधुनिक कार्यालयांचे अंतर्गत सौंदर्य" असल्या गोल विषयाला हात लावू नका, तो कधीच संपत नाही.

फाइल दोन ठिकाणी सेव्ह ठेवा, त्यातलं एक ठिकाण तुमच्या लॅपटॉपच्या बाहेरचं पाहिजे.

आमच्याकडं येताना

पीडीएफ आणा, फॉन्ट एम्बेड करून. व्हॉट्सॲपवर पाठवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवलं की रेषा फुटतात. बाइंडिंगसाठी डाव्या बाजूला दीड इंच मार्जिन सोडा, नाहीतर अक्षरं शिवणीत जातात. कव्हरवर सोनेरी अक्षरं हवी असतील तर नाव आणि वर्ष कागदावर स्वतःच्या हातानं लिहून द्या, फोनवर सांगितलेलं स्पेलिंग आम्ही घेत नाही. हार्डबाउंडला पूर्ण एक दिवस लागतो आणि मे महिन्यात दोन, तेव्हा सबमिशनच्या दिवशी सकाळी येऊन "दादा, तासाभरात करा की" म्हटलं तर फक्त स्पायरल मिळेल.