घरगुती डीह्युमिडिफायरची ऊर्जाकार्यक्षमता मानके

खोलीतल्या हवेतली वाफ पाण्याच्या रूपात काढून घेणाऱ्या विजेच्या यंत्राने एका युनिटमागे किमान किती पाणी काढलेच पाहिजे, हे ठरवून देणारे सरकारी नियम. अमेरिकेत ते कायद्याने बंधनकारक आहेत आणि हाँगकाँगमध्ये यंत्रावर श्रेणीचे लेबल सक्तीचे आहे. भारतात फ्रीज-एसीवर दिसणारे तारांकित लेबल डीह्युमिडिफायरला सक्तीचे झालेले नाही. मुंबईसारख्या शहराला ही उणीव दर पावसाळ्यात जाणवते.

जूनच्या मध्यावर पापड सादळतात, मिठाला पाणी सुटते, लाकडी कपाटाचे दार फुगून अडकते. जुलै येईपर्यंत चामड्याच्या चपलांवर पांढरी बुरशी चढते आणि पश्चिमेच्या भिंतीला ओल येऊन रंगाचे पोपडे सुटतात. गॅलरीतल्या दोरीवरचे कपडे दोन दिवस वाळत नाहीत, आणि वाळले तरी कुबट वास जात नाही. डांबराच्या गोळ्या आणि सिलिका जेलच्या पुड्या यांवर भागवणारी घरे आता या यंत्राकडे वळू लागली आहेत. यंत्र घेताना गिऱ्हाईक ‘दिवसाला किती लिटर’ एवढेच विचारते. ‘एका युनिटला किती लिटर’ हा त्याहून कामाचा प्रश्न आहे आणि सगळी मानके त्याच्यावरच उभी आहेत.

मोजमाप. कॉम्प्रेसरवर चालणारे यंत्र फ्रीजच्याच तत्त्वाने काम करते. पंखा खोलीतली हवा थंड नळ्यांवरून ओढतो. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून जसे थेंब येतात तसे थेंब नळ्यांवर जमतात आणि खालच्या टाकीत ठिबकतात. कोरडी झालेली हवा मग गरम नळ्यांवरून खोलीत परत येते. टाकीत जमलेले पाणी लिटरमध्ये मोजून तेवढ्या वेळात खर्च झालेल्या युनिटांनी भागले, की यंत्राचा ऊर्जा-गुणांक मिळतो. आकडा जितका मोठा, तितके यंत्र काटकसरी.

या यंत्राने खोली गार होत नाही, उलट थोडी तापतेच. वाफेचे एक लिटर पाणी होताना सुमारे ०.६८ युनिटाइतकी उष्णता सुटते. लिटरमागे ०.६ युनिट वीज खाणारे यंत्र घेतले, तर बाहेरून आत आलेल्या वाफेच्या प्रत्येक लिटरमागे खोलीत जवळजवळ १.३ युनिट उष्णता भरते. ओले कपडे वाळवताना हिशेब थोडा हलका होतो, कारण कपड्यांतले पाणी उडताना खोलीतली तेवढीच उष्णता शोषली जाते आणि निव्वळ भर फक्त यंत्राच्या विजेची पडते. म्हणजे कार्यक्षमता कमी असली की बिल वाढते आणि उकाडाही वाढतो. आधीच घामाने निथळणाऱ्या शहरात हा मुद्दा किरकोळ नाही.

अमेरिकेतील नियम. घरगुती उपकरणांच्या मानकांचा पाया तिथल्या १९७५ च्या ऊर्जाधोरण व संवर्धन कायद्यात आहे. डीह्युमिडिफायरसाठीची किमान मर्यादा २००५ च्या कायद्याने आली आणि ऑक्टोबर २००७ पासून लागू झाली. ऑक्टोबर २०१२ मध्ये ती वाढवली गेली. ऊर्जा विभागाने २०१६ मध्ये काढलेला पुढचा नियम १३ जून २०१९ पासून अमलात आला. त्यानुसार दिवसाला २५ पाइंटपर्यंत (सुमारे १२ लिटर) पाणी काढणाऱ्या सुट्या (एका खोलीतून दुसरीकडे हलवता येणाऱ्या) यंत्राने युनिटमागे किमान १.३० लिटर, २५ ते ५० पाइंटच्या यंत्राने १.६० लिटर आणि त्याहून मोठ्या यंत्राने २.८० लिटर पाणी काढले पाहिजे. यंत्र बंद असून प्लग लावलेला असताना ओढली जाणारी वीजही या हिशेबात धरली जाते.

याच वेळी चाचणीची हवाही बदलली. आधी यंत्र २६.७ अंश सेल्सिअस तापमानाच्या खोलीत तपासत; नव्या पद्धतीत सुट्या यंत्रांसाठी ते १८.३ अंशांवर आले. सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या वाफेपैकी प्रत्यक्षात असलेला हिस्सा, दोन्ही वेळा ६० टक्केच. तिथे हे यंत्र बहुतेक तळघरात ठेवतात आणि तळघर गार असते, म्हणून हा बदल झाला. गार हवेत मुळात वाफच कमी असते, त्यामुळे यंत्रांचे आकडे एकदम उतरले. कालपर्यंत ७० पाइंटचे म्हणून विकले जाणारे यंत्र साधारण ५० पाइंटचे ठरले. यंत्र तेच राहिले, फक्त ज्या हवेत ते तोलले ती हवा बदलली. कोणत्याही डीह्युमिडिफायरच्या आकड्यासोबत चाचणीचे तापमान आणि आर्द्रता लिहिलेली नसेल, तर तो आकडा अर्धाच समजावा.

हाँगकाँग. समुद्रकाठी वसलेले, दाट वस्तीचे आणि दमट हवेचे हे शहर मुंबईला अधिक जवळचे. तिथल्या सक्तीच्या लेबल-योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात वॉशिंग मशीनबरोबर डीह्युमिडिफायरचा समावेश झाला आणि सप्टेंबर २०११ पासून तो पूर्णपणे लागू झाला. १ ते ५ अशा श्रेणी असून १ ही सर्वांत चांगली. आपल्याकडच्या ताऱ्यांच्या नेमकी उलटी मांडणी.

भारतातील स्थिती. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली मार्च २००२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्युरो स्थापन झाला आणि २००६ मध्ये त्याने तारांकित लेबलांची योजना सुरू केली. खोलीचे एसी आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रीज यांना लेबल २०१० मध्ये सक्तीचे झाले, छताच्या पंख्यांना २०२३ मध्ये. डीह्युमिडिफायर या सक्तीच्या यादीत नसल्याने गिऱ्हाइकाला खोक्यावरच्या मजकुरावरच विसंबावे लागते. तिथे बहुधा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेले ‘दिवसाला २० लिटर’ असे भरघोस आकडे असतात. ही हवा मुंबईच्या जुलैची आहे, त्यामुळे आकडा खोटा म्हणता येत नाही. पण खोली ६० टक्क्यांवर आली की तेच यंत्र जेमतेम निम्मे पाणी काढते, आणि युनिटमागे किती, हे सहसा छापलेलेच नसते.

मुंबईच्या खोलीचा हिशेब. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा. ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला त्या हवेत सुमारे ८८० ग्रॅम वाफ असते. ६० टक्क्यांवर ती ६२० ग्रॅम उरते. फरक जेमतेम पाव लिटरचा! तरीही संध्याकाळपर्यंत टाकी भरते, कारण खिडकीच्या फटींतून आणि दाराखालून ओली हवा सतत आत येत असते, भिंती ओल सोडत असतात आणि दोरीवर कपडे टपकत असतात. खिडकी उघडी ठेवून यंत्र चालवणे म्हणजे अरबी समुद्र उपसायला बसणे. दारे-खिडक्या लावल्या आणि यंत्र ४० ऐवजी ६० टक्क्यांवर ठेवले, तर साध्या वापरानेही विजेची बचत होते. ३०० वॉटचे यंत्र रोज आठ तास चालले तर महिन्याला ७२ युनिट होतात, आणि आपल्याकडे बिल टप्प्याटप्प्याने चढत असल्याने ही भर वरच्या दराने पडू शकते.

लेबलाची सर्वांत जास्त गरज पेल्टिये पद्धतीच्या छोट्या यंत्रांना आहे. वीज सोडली की दोन पदार्थांच्या जोडाची एक बाजू गार आणि दुसरी गरम होते, या १८३४ मध्ये झाँ पेल्टिये यांना सापडलेल्या विद्युत-परिणामावर ती चालतात. कॉम्प्रेसर नसल्याने आवाज कमी, किंमतही कमी. कपाटातल्या कॅमेऱ्यासाठी किंवा पुस्तकांच्या एका खणासाठी ती चालतात. मात्र ७० वॉटचे यंत्र चोवीस तासांत पाऊण लिटर पाणी काढत असेल, तर युनिटमागे केवळ ०.४५ लिटर होते. धुलाईच्या एका खेपेतले दोन लिटर पाणी काढायला १.६० गुणांकाच्या यंत्राला सव्वा युनिट पुरते; या यंत्राला जवळजवळ साडेचार युनिट आणि अडीच दिवसांहून जास्त वेळ लागेल. स्वस्त म्हणून घेतलेली वस्तू खोलीभर वापरली, की महाग पडते ती अशी.

पुष्कळ घरे वेगळे यंत्र न घेता एसीच ‘ड्राय मोड’वर चालवतात. पण एसीच्या क्षमतेची प्रमाण-चाचणी खोलीत २७ अंश आणि सुमारे ४७ टक्के आर्द्रता धरून होते, आणि एसी तासाला किती पाणी काढतो हे ताऱ्यांवरून कळत नाही. त्यामुळे भारतात डीह्युमिडिफायरचे मानक येईल तेव्हा ते ३० अंशांच्या दमट हवेत आणि ६० टक्क्यांवर स्थिरावलेल्या खोलीत, असे दोनदा मोजलेले असावे. दोन्ही आकडे लिटर-प्रति-युनिट याच मापात एकाच लेबलावर छापावेत.