पार्श्वभूमी: कामाची पँट विरते, उसवते की फाटते?

अंगमेहनतीच्या कामासाठी पँट घ्यायची म्हटली की पहिला हात कापडाकडे जातो. दोन बोटांत धरून चोळायचे, जाड लागले की पसंत करायचे. ही सवय जुनी आहे आणि ती अर्धीच बरोबर आहे. कपडा वाया जाण्यासाठी मराठीत तीन वेगळी क्रियापदे आहेत. घासून घासून धागे झिजले की कापड विरते. टीप सुटली की शिवण उसवते. खिळ्याला अडकून किंवा एकाच जागी ताण येऊन चर्रकन गेले की ते फाटते. तिन्हींची कारणे वेगळी आणि इलाजही वेगळे. कामाच्या पँटचा इतिहास वाचताना हा फरक हाताशी ठेवला, तर कोणती सुधारणा कशासाठी झाली आणि कोणती नुसती नावापुरती, हे पटकन कळते.

युरोपात लांब पायांची पँट बराच काळ कष्टकऱ्यांचीच होती. फ्रेंच राज्यक्रांतीत शहरी कष्टकरी क्रांतिकारकांना ‘सान्क्युलोत’ म्हणत, म्हणजे उच्चवर्गीयांची गुडघ्यापर्यंतची तंग विजार न घालणारे. त्यानंतर युरोपात खाणकामगार, सुतार, गवंडी यांच्या अंगावर कॉर्डरॉय आणि मोलस्किन ही दाट विणीची सुती कापडे आली. जर्मन सुतारांच्या पारंपरिक पँटची मोहरी खाली रुंद असते. लाकडाचा भुसा आणि ढलप्या बुटात जाऊ नयेत म्हणून ती तशी ठेवली, असे सांगितले जाते. कापडाइतकाच कटही कामाला येतो, याचे हे जुने उदाहरण.

पण खरी कथा १८७३ ची. त्या वर्षी २० मे रोजी अमेरिकेत १,३९,१२१ क्रमांकाचे पेटंट मंजूर झाले. त्याचे शीर्षक नीट वाचावे: ‘खिशांची तोंडे पक्की करण्यातील सुधारणा’. त्यात कापडाचा उल्लेख नाही, रंगाचा नाही, अख्ख्या पँटचाही नाही. नेवाडातल्या रीनो गावचा एक शिंपी तंबू, गाड्यांवरची आच्छादने आणि घोड्यांच्या झुली शिवत असे. एका मजुराची बायको त्याच्याकडे आली आणि नवऱ्यासाठी टिकाऊ पँट मागू लागली. त्याने पांढुरके डक, म्हणजे दाट विणीचे जाड सुती कापड घेतले आणि झुलींना मारायचे तांब्याचे रिव्हेट, म्हणजे ठोकून बसवायचे छोटे खिळे, खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकले. पेटंटच्या खर्चाला पैसे नव्हते म्हणून तो ज्या सॅन फ्रान्सिस्कोच्या व्यापाऱ्याकडून कापड घेत असे, त्याला त्याने भागीदार करून घेतले. हीच पुढची जीन्स. तिची कहाणी कापडाची म्हणून सांगितली गेली, निळ्या रंगाची म्हणून विकली गेली. शिंप्याने पाहिले होते ते एवढेच, की हात घालून घालून खिसा कोपऱ्यातच उसवतो.

पुढे रिव्हेटचीच अडचण होऊ लागली. मागच्या खिशांवरचे रिव्हेट खोगिरांवर आणि खुर्च्यांवर ओरखडे काढत, म्हणून १९३७ मध्ये ते कापडाखाली झाकले गेले आणि १९६० च्या दशकात काढूनच टाकले. त्यांच्या जागी बारटॅक आला, म्हणजे एकाच ठिकाणी मशीनने दाट मारलेली आडवी टीप. बटणपट्टीच्या तळाशी, आसनाजवळ, म्हणजे दोन्ही पाय जुळतात तिथेही एक रिव्हेट असे. तोही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गेला. शेकोटीसमोर उकिडवे बसले की तो तापून चटका देई, अशी गोष्ट सांगितली जाते. गोष्ट खरी असो वा नसो, आसनाची जागा तेव्हापासून नुसत्या शिवणीच्या भरवशावर राहिली.

इथे एका शब्दाच्या गुंत्यात थोडे खोल शिरावे लागते, कारण या गुंत्याने आजवर पुष्कळ खरेदीदारांना चकवले आहे. तो शब्द डंगरी.

आज डंगरी म्हटले की छातीपर्यंत येणारी, खांद्यांवर पट्टे असलेली पँट डोळ्यांसमोर येते. कारखान्यात अख्ख्या बॉयलर सूटलाही काही जण डांगरी म्हणतात. इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून सापडतो आणि तेव्हा तो कपड्याचा नव्हता, कापडाचा होता. त्याचे मूळ मुंबईच्या डोंगरीत आहे. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी-इंग्रजी शब्दकोशात ‘डोंगरी कापड’ अशी नोंदच आहे: डोंगरी किल्ल्याला लागून असलेल्या वस्तीत विकले जाणारे साधे देशी कापड, आणि त्यावरून पुढे कोणतेही हलक्या प्रतीचे, स्वस्त सुती कापड. म्हणजे ज्या शब्दाने आज दणकटपणा सुचतो, तो मुळात स्वस्त जाड्याभरड्याचा होता. कापड जहाजांतून गेले, नाविकांच्या अंगावर चढले आणि विसाव्या शतकात अमेरिकी नौदलातल्या कामाच्या निळ्या पोशाखाचे नावच डंगरी झाले. कापडाचे नाव कपड्याला चिकटले आणि कापड मागे पडले.

बाकीच्या नावांचेही असेच. ‘डेनिम’ हे फ्रान्समधल्या नीम शहराच्या सर्ज नावाच्या तिरक्या विणीच्या कापडावरून आले असे सर्रास लिहिले जाते. पण ते सर्ज लोकरीचे किंवा रेशीम मिसळलेले, आणि डेनिम सुती, त्यामुळे ही साखळी मध्येच तुटते. ‘जीन’ इटलीतल्या जेनोआवरून. ‘डक’चा बदक पक्ष्याशी काही संबंध नाही, तो डच भाषेतला कापडासाठीचा शब्द. कामाच्या दृष्टीने फरक विणीत आहे. डेनिममध्ये ताणा (उभे धागे) निळीत रंगवलेला आणि बाणा (आडवे धागे) पांढरा, वीण तिरकी. म्हणून ते बाहेरून निळे आणि आतून फिकट दिसते, आणि घासले की पांढरे पडते. जुन्या जीन कापडात ताणा-बाणा एकाच रंगाचे. डकमध्ये वीण साधी, एक वर एक खाली, पण धागे दाट. डक टोकदार वस्तूला चांगले तोंड देते. तिरकी वीण जास्त सहज वळते, अंगाला लवकर सरावते.

वजनाच्या आकड्यांनी या गुंत्यात भर घातली. डेनिमचे वजन औंसात सांगतात, म्हणजे एका चौरस यार्डाला इतके औंस. १ औंस म्हणजे चौरस मीटरला जवळपास ३४ ग्रॅम, म्हणून १२ औंसाचे कापड सुमारे ४०० ग्रॅमचे. युरोपी पँटवर वजन थेट ग्रॅममध्ये असते, बरेचदा २५० ते ३०० च्या दरम्यान. डकची जुनी पद्धत नंबरांची आणि ती उलटी: नंबर वाढेल तसे कापड हलके. नंबर १० चे डक पावणेपंधरा औंसांच्या जवळ, तर नंबर १२ चे साडेअकराच्या. लेबलवरच्या मोठ्या आकड्याला भुलून नंबर १२ उचलणारा माणूस हलके कापड घरी नेतो. त्यातही वजन सांगते ते फक्त कापड किती जड आहे एवढेच. विरण्याशी त्याचा काही अंशी संबंध आहे, उसवण्याशी जवळपास नाही. हे वाक्य पँटच्या लेबलवर छापावे असे मला मनापासून वाटते.

१९३० च्या सुमारास कापड शिवण्याआधीच आटवून घेण्याची यांत्रिक पद्धत आली आणि आटणे एक टक्क्याच्या आत आले. त्याआधी कच्चे डेनिम धुतल्यावर सात ते दहा टक्के आटे, म्हणून लोक पँट मुद्दाम ढगळ घेत. ही सुधारणा फारशी गाजली नाही, पण आसनातली शिवण नीट मापात राहू लागली ती तिच्यामुळे.

पॉलिएस्टरचे पेटंट इंग्लंडमध्ये १९४१ चे. कामाच्या कपड्यांत ते खऱ्या अर्थाने घुसले १९६० च्या दशकात, आणि ते एका चुकीमागून. त्या काळात इस्त्रीची घडी न मोडणाऱ्या सुती पँटची लाट आली होती. घडी टिकवण्यासाठी कापडावर रेझिनची प्रक्रिया करून उच्च तापमानाला ती पक्की करत. तिने सुती तंतू ठिसूळ झाले आणि नव्या पँटी घडीच्या रेषेवर, मोहरीच्या काठावर विरू लागल्या. तोड म्हणून सुतात पॉलिएस्टर मिसळले गेले. धुलाई करून गणवेश पुरवणाऱ्या व्यवसायाला हे मिश्रण सोयीचे पडले. लवकर वाळणारे, रंग टिकवणारे, शेकडो धुलाया सोसणारे कापड त्यांना हवेच होते.

सोय धुणाऱ्याची झाली, पण घालणाऱ्याचे काय? सूत हवेतला ओलावा स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के धरून ठेवते, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. उन्हात वाकून काम करणाऱ्याला हा फरक पाठीवर आणि मांड्यांवर कळतो. दुसरीकडे, पूर्ण सुती जाड पँट घामाने भिजली की जड होते, तासन्‌तास वाळत नाही आणि जांघेत घासते. म्हणजे एकाच बाजूने निकाल देता येत नाही. आगीच्या बाबतीत मात्र देता येतो. पॉलिएस्टर २५० ते २६० अंश सेल्सिअसला वितळते आणि वितळून कातडीला चिकटते. सूत जळते, वितळत नाही. वेल्डिंग, ग्राइंडिंग, भट्टी अशा कामांत साधे मिश्र कापड किंवा इलास्टेन (रबरासारखा ताणणारा कृत्रिम धागा) असलेली पँट घालू नये. त्या कामासाठी ज्वालारोधक कापड वेगळे मिळते, आणि त्यात टिकाऊपणाचा विचार दुसऱ्या क्रमांकावर येतो.

पॉलिएस्टरचा सर्वांत मोठा उपकार माझ्या मते कापडात झालेला नाही, दोऱ्यात झाला. आत पॉलिएस्टर आणि वरून सूत गुंडाळलेला दोरा आल्यावर घाम आणि घर्षणाने टीप कुजणे, तुटणे खूप कमी झाले. इथेही शिंप्यांमध्ये जुना वाद आहे. दोरा कापडापेक्षा थोडा कमकुवत हवा, म्हणजे अति ताण आला तर पँट उसवेल, फाटणार नाही. उसवलेले पाच मिनिटांत शिवता येते, फाटलेल्याला ठिगळच लागते. हलक्या कापडावर अति मजबूत दोरा वापरला तर शिवणीच्या भोकांच्या रांगेवर कापड कागदासारखे सुटते. बाजारातल्या ‘तिहेरी शिवण’ या शब्दाला म्हणूनच एकट्याने अर्थ नाही. कापड कोणते, दोरा कोणता, कडा आत दुमडून दोनदा टीप मारली आहे की नुसती ओव्हरलॉक केली आहे, हे तिच्यासोबत पाहावे लागते.

जुनी झालेली कामाची पँट उलटी करून उजेडासमोर धरा. मांडीच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यावर उजेड जाळीतून आल्यासारखा दिसतो, तिथे ती विरली आहे. आसनात चारही शिवणी जिथे एकत्र येतात तिथे दोरा पांढरा पडून ताणलेला दिसतो. मोहरीचा मागचा काठ बुटाखाली येऊन कुरतडल्यासारखा झालेला असतो. कापड बहुतेक सगळीकडे अजून चांगले असते. पँट टाकून द्यावी लागते ती या तीन-चार विती जागेमुळे.

उकिडवे बसताना गुडघ्यावरची कातडी उभ्या दिशेने तिसऱ्या हिश्श्याहून अधिक ताणते. न ताणणारे कापड तेवढे कुठून आणणार? ते कमरेतून खाली ओढले जाते, मोहरीतून वर ओढले जाते, आणि दोन्हीकडे अडले की आसनातली शिवण जाते. यावर जुना आणि स्वस्त इलाज म्हणजे आसनात चौकोनी किंवा शंकरपाळ्याच्या आकाराची कळी घालणे. चार शिवणींचा एक बिंदू मग उरतच नाही, ताण कळीच्या कडांवर वाटला जातो. मोठ्या प्रमाणावर शिवताना एक तुकडा आणि चार वळणे वाढतात, म्हणून ती कित्येक दशके गाळली गेली. १९५८ मध्ये इलास्टेन सापडले आणि पुढे ताणणाऱ्या कापडाने कळीची जागा घेतली. २ टक्के इलास्टेन असलेली पँट पहिल्या दिवशी फार सुखद वाटते. पण क्लोरीनचे ब्लीच आणि ड्रायरची उष्णता इलास्टेनला मारते, आणि मग गुडघ्याला आलेला फुगा परत बसत नाही.

गुडघ्यांचा विचार स्कँडिनेव्हियात सर्वांत गंभीरपणे झाला. १९७५ च्या सुमारास स्वीडनमध्ये एका इलेक्ट्रिशियनने कामाला सोयीचे कपडे मिळत नाहीत म्हणून स्वतःच ते बनवायला घेतले. बाहेर लोंबणारे खिळ्यांचे खिसे आणि गुडघ्यावर पॅड घालायचे कप्पे ही त्या भागाची देणगी. २००४ मध्ये गुडघ्याच्या पॅडसाठी युरोपी मानक आले आणि पँटच्या कप्प्यातल्या पॅडना त्यात वेगळा प्रकार मिळाला. तरी एक चूक अजून होते. दुकानात उभ्याने पाहिले तर पॅड बरोबर गुडघ्यावर दिसतो. गुडघे टेकले की कापड वर सरकते आणि पॅड मांडीवर जातो, हाड फरशीवर. म्हणून कप्पा उभ्याने पाहताना गुडघ्याच्या थोडा खालीच हवा, आणि शक्यतो दोन उंचींवर बसवता येणारा.

बायकांच्या वाट्याला हा सगळा इतिहास फार उशिरा आला, आणि याची मला खंत वाटते. १८४२ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये बायकांना खाणीच्या पोटात काम करायला बंदी झाली. खाणीबाहेर, जमिनीवर कोळसा निवडणाऱ्या इंग्लंडमधल्या विगनच्या बायका आखूड घागऱ्याखाली पँट घालत. १८८० च्या दशकात त्यांच्या कामावर वाद पेटला तेव्हा त्यांच्या पँटवरही बोट ठेवले गेले. ती पँट कामाला किती सोयीची आहे, हे विचारायला कुणी गेले नाही. दोन्ही महायुद्धांत कारखान्यांत बायकांना पँट मिळाली, बहुधा पुरुषांच्याच मापावर बेतलेली. पुरुषांची पँट कमरेत मापाची घेतली तर ती नितंबांवर आवळते, नितंबांवर मापाची घेतली तर कमरेत सैल पडून मागून वाऱ्यावर राहते. आसनाची उंची तर दोन्हीकडे चुकतेच, आणि उसवते ती तिथेच. बायकांच्या शरीरासाठी स्वतंत्र पॅटर्नवर कापलेल्या, गुडघ्याला कप्पे आणि आसनात कळी असलेल्या कामाच्या पँटी सहज मिळू लागल्या त्या गेल्या दोनेक दशकांत. आजही त्यांत लहान आणि मोठी टोकाची मापे लवकर संपतात, आणि त्या मापाच्या बाईच्या हाती पुन्हा पुरुषांची पँट येते.